कायदा दहा तासांचा, गाडी पाच वर्षांची

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. दहा तास! मुंबईच्या कुठल्याही गल्लीतली एखादी मारुती ८०० पाहा. चारही टायर बसलेले, डिकीच्या फटीतून पिंपळाचं रोप वर आलेलं, काचेवर महापालिकेची नोटीस आणि नोटिशीवर कुठल्याशा क्लासची जाहिरात. ती तिथे पाच वर्षं असेल, तर झाले ४३,८०० तास. मुदतीच्या ४,३८० पट.

आता भाडं लावू. पार्किंगला तासाला नुसते २० रुपये धरले, तरी पाच वर्षांचे होतात ८ लाख ७६ हजार. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. भंगारवाल्याने किलोला ३० रुपयांनी ती सीट-काचांसकट घेतली, असं उदार होऊन समजू. हाती येतील साडेएकोणीस हजार. एका गाडीचं जागाभाडं सुटायला अशा ४५ गाड्या मोडीत काढाव्या लागतील. मालक हा हिशोब मांडत नाही, कारण भाडं मागायला त्याच्या दारी कुणी जातच नाही.

जाणार तरी कुठल्या दारी? वॉर्ड ऑफिसची माणसं नोटीस चिकटवतात, दोन-तीन दिवस थांबतात, मग गाडी यार्डात नेतात. तिथेही दावा सांगायला कुणी आलं नाही, की लिलाव. कागदावर चोख. पण आरटीओच्या दप्तरातला मालक फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, एजंटाच्या हाती किल्ली देऊन कधीच मोकळा झालेला असतो. नाव बदलायचं राहिलेलं असतं, आणि पत्ता दोन घरांपूर्वीचा.

मार्च २०२१ मध्ये भंगार धोरण मांडताना नितीन गडकरींनी संसदेत आकडा दिला होता : २० वर्षांहून जुनी हलकी वाहनं ५१ लाख. एका गाडीला उभं राहायला पाच बाय अडीच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरू. ५१ लाख गाड्यांना लागतील जवळजवळ ६४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं मुंबईचं मूळ शहर सुमारे ६८ चौरस किलोमीटरचं. फोर्ट, गिरगाव, लालबाग, दादर सगळं सपाट करून गाड्या लावल्या, तर माणसांना उरतील जेमतेम चार. आणि एकही गाडी बाहेर काढता येणार नाही, कारण ये-जा करायला वाट आपण ठेवलेलीच नाही.

या सगळ्या गाड्या रस्त्यावर बेवारस नाहीत, हे खरं. कित्येक धावताहेत. कित्येक कधीच भट्टीत वितळल्या आणि फक्त दप्तरात जिवंत आहेत, कारण नोंदणी रद्द करून घ्यायला कुणी गेलंच नाही.

गाडी मेली तरी तिच्या पोटात मात्र संसार चालतो. डिकीत स्टेपनीचा खड्डा असतो, त्यात पावसाचं पाणी साचतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, आणि अंड्यातून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. निम्म्या माद्या धरल्या आणि सगळ्या जगल्या असं मानलं, तर एकीच्या पाचव्या पिढीत ३१ कोटी २५ लाख माद्या. प्रत्यक्षात बहुतेक अळ्या मरतात, म्हणून आपण आहोत. पण ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. नोटिशीचा कागद तेवढा टिकत नाही.

अशाच गंजत पडलेल्या गाड्यांचा मोठा साठा पोलीस ठाण्यांच्या आवारात सापडतो. तिथल्या गाड्या बेवारस नसतात, त्या ‘मुद्देमाल’ असतात : अपघातातली रिक्षा, चोरीची बाइक, वाळूचा डंपर. जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवण्यात काही अर्थ नाही, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन त्या सोडाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई विरुद्ध गुजरात सरकार या खटल्यात २००२ मध्येच सांगितलं. तरी खटल्यांची गती आणि गंजाची गती यांत गंजच पुढे असतो. आवार भरलं, की जप्त गाड्या फाटकाबाहेर फुटपाथवर येतात. त्या हलवाव्यात असं कुणाला वाटलं, तर अर्ज त्याच ठाण्यात द्यायचा.