पावसाची कूळकथा

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विज्ञानाशी संबंध बहुधा शालान्त परीक्षेबरोबरच संपतो. पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक, एवढे मात्र सर्वांच्या लक्षात राहते. हे चूक नाही, पण अपुरे आहे. प्राणवायूचे सारेच अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचे वस्तुमान १६ असते. परंतु समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख अणूंमागे सुमारे दोन हजार अणू १८ वस्तुमानाचे निघतात. हायड्रोजनलाही ड्यूटेरियम नावाचे एक जड भावंड आहे. ते तर याहूनही विरळ. या भावंडांना समस्थानिक म्हणतात. काही मूलद्रव्यांचे समस्थानिक किरणोत्सर्गी असतात व काळाबरोबर नाहीसे होतात. हे दोन्ही तसे नाहीत. ते स्थिर आहेत.

जड प्राणवायू असलेले पाणी दिसायला व चवीला इतर पाण्यासारखेच, पण स्वभावाने जरा आळशी. वाफ होताना ते मागे रेंगाळते आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना मात्र आधी खाली उतरते. फरक शेकडा एकाच्या आसपास. तरीही त्याचा परिणाम साचत जातो. समुद्रावरून उठलेली वाफ समुद्रापेक्षा हलकी असते. तिच्यातून पहिला पाऊस पडला की जड रेणू त्यात अधिक प्रमाणात निघून जातात आणि उरलेली वाफ आणखी हलकी होते. पुढचा पाऊस त्याहून हलका. यात्रेकरूने जड नाणी आधी खर्चीत जावे आणि उरलेल्या थैलीवरून त्याची वाटचाल ओळखावी, तसाच हा प्रकार.

हे प्रथम नीट पाहिले ते डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी. कोपनहेगन विद्यापीठात त्यांच्याकडे अणूंची वजने मोजणारे यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर होते. जून १९५२ मध्ये पावसाची मोठी झड लागली, तेव्हा त्यांनी बागेत बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि थोड्या थोड्या वेळाने पाण्याचे नमुने वेगळे केले. (मोठ्या संशोधनाला मोठे साहित्य लागतेच, असे नाही!) सुरुवातीचा पाऊस उंचावरील थंड ढगांतला होता, तो हलका निघाला, नंतर खालच्या ढगांतले पाणी आले, ते जड निघाले. म्हणजे पावसाच्या थेंबात थंडी-उबेची नोंद होते. मग जुने हिम ही जुन्या हवामानाची बखर ठरणार, हे ओघानेच आले. ग्रीनलंडच्या वायव्येस कॅम्प सेंचुरी या अमेरिकन लष्करी तळावर १९६६ साली बर्फात तेराशे मीटरांहून खोल, थेट खडकापर्यंत छिद्र पाडले गेले. त्या बर्फावरून डान्सगार्ड व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सुमारे एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख प्रसिद्ध केला.

उष्ण कटिबंधात मात्र हा तापमापक चालत नाही. तेथे पाणी किती हलके, हे थंडीपेक्षा पाऊस किती कोसळला यावर अधिक अवलंबून असते. तेव्हा आपल्या मान्सूनला ग्रीनलंडचे माप जसेच्या तसे लावता येत नाही. जगभरच्या पावसाचे नमुने जमवण्याची आंतरराष्ट्रीय योजना १९६१ साली सुरू झाली, तीत मुंबई आणि नवी दिल्ली येथील पाऊसही होता.

माझ्या मते या विद्येचा सर्वांत विलक्षण उपयोग झाला तो ॲमेझॉनच्या अरण्यात. तेथे वारे अटलांटिककडून येतात व पश्चिमेस अँडीज पर्वताकडे जातात. मघाच्या नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून आत जावे तसा पाऊस झपाट्याने हलका व्हायला हवा. युरोपात तसा तो होतोही. ॲमेझॉनमध्ये हजारो किलोमीटर आत गेले तरी तो फारच थोडा हलका होतो. जणू यात्रेकरूची थैली वाटेत कोणीतरी पुन्हा भरीत होते!

भरणारी होती झाडे. मुळे जमिनीतले पाणी शोषताना जड-हलके अशी निवड करीत नाहीत, आणि एकंदर हिशेबात पानांतूनही जवळजवळ त्याच प्रमाणाची वाफ बाहेर पडते. उघड्या डबक्याची वाफ हलकी असते. झाडाची वाफ पावसाइतकीच जड. म्हणून पडून गेलेले जड पाणी आकाशाला परत मिळते. ब्राझीलचे एनेआस सालाती व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली हे मांडले आणि तेथील सुमारे निम्मा पाऊस अरण्याच्याच वाफेतून येतो, असा अंदाज दिला. नंतरच्या काही हिशेबांत हा वाटा कमी भरला, पण मुख्य मुद्दा टिकला. अरण्य पावसावर जगते हे सर्वांना ठाऊक होते. पाऊसही अरण्यावर जगतो, याला आता पाण्याचीच साक्ष मिळाली.

पुढे आकाशातील वाफेतले ड्यूटेरियम उपग्रहावरूनही मोजता येऊ लागले. नासाच्या ऑरा उपग्रहाच्या नोंदी वापरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की दक्षिण ॲमेझॉनमध्ये समुद्राकडचे ओले वारे पोहोचण्याच्या दोन-तीन महिने आधीच हवेतील वाफ जड होऊ लागते. ती वाफ झाडांची. तिचे ढग होतात, ढगांमुळे हवा वर उचलली जाते आणि मग समुद्राचे वारे आत ओढले जातात. नेमका हाच दक्षिणेचा पट्टा गुरांच्या कुरणांसाठी व सोयाबीनसाठी सर्वांत जास्त तोडला गेला आहे. आणि त्या सोयाबीनलाही पाऊस वेळेवरच हवा असतो.