पोटांतली अडलेली वाट

घरोघरीं फडताळांत एरंडेलाची बाटली असतेच. पोट दुखूं लागलें कीं आजीबाईंचा हात प्रथम तिकडे जातो, आणि बहुधा त्यांत वावगेंही नसतें. परंतु पोट फुगलें आहे, कळा थांबून थांबून येत आहेत, हिरवट ओकाऱ्या होत आहेत आणि वारा सरत नाहीं, अशा वेळीं तो हात आवरणें हेंच पहिलें औषध होय.

हीं लक्षणें आंतड्याचा मार्ग अडल्याचीं असतात. सुश्रुतानें या विकारास ‘बद्धगुदोदर’ म्हटलें असून बेंबीखालीं डाव्या बाजूस पोट उघडून अडथळा काढण्याची कृतीही सांगितली आहे. ज्या नगर शहरांत वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं आयुर्वेद महाविद्यालय काढलें, तेथें तरी हा शब्द परका वाटूं नये.

मात्र प्रत्येक वेळीं शस्त्र लागतेंच असें नाहीं. वाट पुरती बंद न होतां अरुंद झाली असेल, तर रुग्णालयांत आधीं आंतड्यास विसावा देतात. तोंडानें अन्नपाणी बंद, नाकावाटे जठरांत नळी घालून सांचलेला रस बाहेर, आणि शिरेवाटे क्षारयुक्त पाणी. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य ओवेन वँगेनस्टीन यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत ही रीत रूढ केली. फुगवटा ओसरला कीं सूज उतरते, आणि जुन्या शस्त्रक्रियेमुळें चिकटलेलें आंतडें पुष्कळदां आपोआप मोकळें होतें. क्ष-किरणांत दिसणारें एक औषध नळीवाटे देतात; तें २४ तासांत मोठ्या आंतड्यांत पोंचलें, तर शस्त्रक्रिया टळण्याचा संभव मोठा. आपल्याकडे क्षयानेंही आंतडें अरुंद होतें. तेथें निदान सहा महिन्यांचें औषध नेमानें घ्यावें लागतें.

पण विनाशस्त्र उपचार म्हणजे घरीं बसून राहणें नव्हे! वाट पाहण्याची मर्यादा साधारण ७२ तासांची, आणि तीही वैद्याच्या डोळ्यांसमोर. ताप, जलद नाडी, न थांबणारी वेदना, पोटास हात लावूं न देणें, या खुणा दिसल्या कीं आंतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचा संशय धरावा. मग विलंब प्राणावर बेततो. एरंडेल अडलेल्या आंतड्यास उगाच ढकलतें व कळा वाढवितें.

नगर जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरांतून मोठें रुग्णालय गांठण्यास वेळ लागतो. लोणीस १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलें, तरी तेथवर पोंचण्याचा निर्णय घरांतल्या वडीलधाऱ्यांनींच घ्यावयाचा असतो. म्हणून बाटली उघडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : वारा सरतो काय?