आधी मजकूर, मग यंत्र

लिहिण्यापेक्षा लिहिण्याची तयारी करणे नेहमीच सोपे असते. पूर्वी ही तयारी कोरी वही, चांगले पेन आणि खिडकीजवळचे टेबल एवढ्यावर भागे. आता तिला अंत राहिलेला नाही. बार्शीत मी शाळेतून निवृत्त झालो आणि गावातली लिहू इच्छिणारी मंडळी सल्ल्याला येऊ लागली. कोणी आडतीवरचे जुने हिशेबनीस, कोणी निवृत्त परिचारिका, कोणी कॉलेजातला मुलगा. प्रश्न मात्र एकच. "सर, ई-पुस्तक काढायचंय. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?"

मी उलट विचारतो, की तुम्ही लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही, असे तुमच्याकडे काय आहे? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. उत्तर दोन शब्दांत मिळाले. बार्शी लाइट.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी रुळांवरची गाडी 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावू लागली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. 1954 साली सरकारने कंपनी विकत घेतली. पुढे रूळ रुंद होत गेले आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. एवढा तपशील इंग्रजी पुस्तकांत मिळतो. परंतु आषाढीच्या गर्दीत डब्यात माणसे कशी मावत, ज्वारीच्या पोत्यावर बसून कोण कुठवर येई, चढावर इंजिन दमले की प्रवासी काय म्हणत, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

असे पुस्तक छापायचे म्हटले की पुढचे चित्र आपल्या परिचयाचे असते. पदरचे पैसे घालायचे, प्रती आणायच्या, शंभरेक वाटायच्या आणि उरलेल्या खोक्यात भरून पलंगाखाली सरकवायच्या. ई-पुस्तकाला पलंग लागत नाही. ते चाळीस पानांचे असले तरी चालते, चूक सापडली तर सुधारता येते आणि पुण्यात स्थायिक झालेल्या बार्शीकराला ते त्याच क्षणी मिळते. मायकेल हार्ट या अमेरिकन तरुणाने 1971 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून इतरांसाठी खुला केला. ई-पुस्तकांची कथा तिथून सांगतात. मराठीत ई-साहित्य प्रतिष्ठानने विनामूल्य पुस्तकांची वाट रुळवली. डिसेंबर 2016 मध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आली. म्हणजे दार उघडे आहे. आत काय घेऊन जायचे, तेवढे आपण ठरवायचे.

आता यंत्राकडे वळू. गावातल्या एका संस्थेची 1990च्या दशकातली स्मरणिका मला हवी होती. तिच्यात जुन्या स्टेशनविषयी एक लेख होता. छापील प्रत एका कपाटात सापडली. पाने पिवळी पडलेली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. त्याच मजकुराची संगणकातली फाइलही कोणी जपून ठेवली होती. ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांची नुसती खिचडी! त्या काळच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट संगणकात नसेल तर 'बार्शी'ची बार्शी राहत नाही. असा मजकूर बदलून देणारे परिवर्तक आहेत, पण नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. 1991 साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. युनिकोडमध्ये 'क' हा जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क'च असतो, फाँट कोणताही असो. म्हणून माझी पहिली अट एवढीच, की साधन कोणतेही घ्या, मजकूर युनिकोडमध्ये हवा. कसोटी सोपी आहे. एक परिच्छेद टंकित करा आणि दुसऱ्याच्या फोनवर पाठवा. त्याला तो जसाच्या तसा वाचता आला, तर साधन पास.

टंकलेखनाचे म्हणाल तर भारत सरकारने प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्ट पद्धत शिकावी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, असा तिचा सुटसुटीत संसार आहे. रोज अर्धा तास दिला तर बोटे लवकर सरावतात. तेवढा धीर नसेल तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी सोय आहेच. फक्त 'वाऱ्यावर' आणि 'तऱ्हा' यांतला र नीट उमटतो ना, ते आधी पाहावे.

ज्यांचे हात थरथरतात त्यांनी बोलावे. गूगलच्या कळफलकात 2017 पासून मराठी बोलून लिहिता येते. रेल्वेत नोकरी केलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी दोन दुपारी बसलो. फोन त्यांच्यासमोर ठेवला होता. पहिल्या दिवशी ते फोनकडे बघून जपून, शाळेत उत्तर द्यावे तसे बोलले. दुसऱ्या दिवशी फोनचा त्यांना विसर पडला आणि इंजिनात कोळसा टाकणाऱ्याच्या हाताला घट्टे कुठे पडतात, ते स्वतःचा तळहात उघडून दाखवू लागले. यंत्राने गावांची नावे चुकवली, विरामचिन्हे तर मलाच घालावी लागली. पण त्यांचे बोलणे राहिले. त्या पावसाळ्यात ते गेले. तिसरी दुपार ठरली होती, ती झालीच नाही. माझ्या पुस्तकातली सर्वांत जिवंत सहा पाने त्या दोन दुपारींची आहेत. तेव्हा माझ्याजवळ उत्तम साधन नव्हते. जे होते ते खिशात होते, एवढेच.

मजकूर हाती आला की पुढचे काम किरकोळ आहे. लिबर ऑफिस विनामूल्य मिळते. प्रकरणाचे नाव नुसते मोठे आणि ठळक करू नका, त्याला शीर्षकाची शैली द्या. म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र. फोनवर ते बोटाने इकडे-तिकडे ओढत वाचावे लागते. ईपब या प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आपला निम्मा वाचक चाळिशी लावणारा आहे, हे ध्यानात घेतले तर कोणते निवडावे ते वेगळे सांगायला नको. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्यासाठी कोविद गोयल या भारतीय तरुणाने 2006 पासून घडवलेले कॅलिबर आहे. तेही फुकट. म्हणजे पैशाची सबब उरली नाही.

उरली ती सुरुवात. तिच्यासाठी एका कागदावर दहा ओळी लिहाव्यात, प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रकरण. त्यातले सर्वांत सोपे प्रकरण आधी घ्यावे, पहिलेच घेण्याची सक्ती नाही. रोज एक पान. आठवड्यातून एकदा फाइल पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि मुलाच्या किंवा सुनेच्या संगणकावर, अशी तीन ठिकाणी ठेवावी. पुरे झाल्यावर तिघांना वाचायला द्यावे. त्यातला एक तरी असा हवा, ज्याला त्या विषयातले काहीच ठाऊक नाही. तो जिथे अडखळेल तिथे आपले लिहिणे कमी पडले, असे समजावे.

या लेखाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी बार्शी लाइटने प्रवास केलेले आजी-आजोबा असतील, कोणाच्या घरी गिरणीत, सूतमागावर किंवा पेठेत आयुष्य काढलेले काका असतील. आज रविवार आहे. सॉफ्टवेअरची चौकशी उद्या केली तरी चालेल. दुपारचा चहा झाला की त्यांच्याजवळ बसा आणि फोनचे बटण दाबून पहिला प्रश्न विचारा.