योगक्षेम आणि कायदा : नगर जिल्ह्यांतील पाऊणशें वर्षांचा अनुभव (सन १८७५ ते १९५०)

‘योगक्षेम’ या शब्दांत दोन निरनिराळे अर्थ एकत्र आले आहेत. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग; जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हें क्षेम. प्रजेचा योगक्षेम पाहणें हें राजाचें कर्तव्य, असें आपलें जुनें राजनीतिशास्त्र सांगतें. अर्वाचीन सरकार हें कर्तव्य मुख्यतः कायद्याच्या द्वारें पार पाडतें. परंतु कायदा या दोहोंपैकीं कोणतें अंग धरतो व कोणतें सोडतो, यावर समाजाचें वळण अवलंबून असतें. नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासांत याचें चांगलें प्रत्यंतर मिळतें.

प्रथम ज्या कायद्यानें अनर्थ वाढविला त्याचा विचार करूं. सन १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. जुन्या रोख्यांच्या आधारें कुळास वर्षानुवर्षें नाडतां येऊं नये, हा हेतु स्तुत्यच होता. प्रत्यक्षांत सावकार मुदत संपण्यापूर्वीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला. म्हणजे व्याजाचें चक्र कायद्याच्याच गतीनें फिरूं लागलें. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव १८६५ मध्यें युद्ध संपल्यावर उतरले, आणि दख्खनच्या कांहीं तालुक्यांत फेरआकारणीनें सारा मात्र वाढला.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, तो लवकरच नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. त्याचें एक लक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जीवितावर नसून त्याच्या दप्तरावर होता. खतें व हुकूमनामे हिसकावून जाळणें हाच प्रधान उद्योग. निरक्षर कुणब्यानें आपला शत्रु बरोबर ओळखला होता. तो शत्रु कागद होता.

चौकशी होऊन सन १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायाधीशानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासावा, फेड हप्त्यांनीं करूं द्यावी, पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन कर्जापोटीं विकूं नये, अशा त्यांतील तरतुदी होत्या. हा शुद्ध क्षेमाचा कायदा होय. परंतु बियाणें, बैल व सारा यांसाठीं पैसा कोठून आणावयाचा, याचें उत्तर त्यांत नव्हतें. सन १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईची सोय झाली, ती गरजेच्या मानानें तुटपुंजी. इकडे सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत मागूं लागला. ‘पैसे फेडलेस कीं जमीन परत’ हें वचन तोंडीच राही. सावकार हटला नाहीं. त्यानें कागद बदलला.

योगाचा विचार कोणास सुचला नव्हता असें नाहीं. सर विल्यम वेडरबर्न व महादेव गोविंद रानडे यांनीं सन १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना पुढें मांडली. ती १८८४ मध्यें विलायतेच्या भारतमंत्र्यानें नाकारली. नंतर वीस वर्षांनीं, १९०४ मध्यें, सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. दहा माणसांस एकत्र येऊन संस्था नोंदवितां येऊं लागली. ग्रामीण संस्थेंत जबाबदारी अमर्याद. एकाचें कर्ज बुडालें तर भार सर्वांवर. सन १९१२ च्या कायद्यानें कर्जाखेरीज इतर कामांसाठींही संस्था काढण्यास मोकळीक दिली. या दोन कायद्यांनीं कोणाच्या पदरांत कांहीं टाकलें नाहीं. केवळ एक सांचा दिला आणि तो भरण्याचें काम लोकांवर सोपविलें.

लोणी बुद्रुक येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं सहकारी पतपेढी काढली. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें व प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊंस वाढला. परंतु गुळाचे भाव बेभरवशाचे, आणि साखरेचे कारखाने खाजगी मालकीचे. तेव्हां ऊंस पिकविणाऱ्यांनींच कारखान्याचे मालक व्हावें, हा विचार पुढें आला. धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनीं पाठबळ दिलें. शेतकऱ्यांनीं भाग घेतले व सरकारनेंही भागभांडवलांत वांटा उचलला. सन १९५०-५१ मध्यें प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. खतें जाळणाऱ्यांच्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या हातीं आतां भागाचा दाखला आला. हाही कागदच, परंतु त्यावर मालक म्हणून त्याचें नांव होतें.

मात्र सांचा मिळाला कीं कल्याण आपोआप होतें, असें कोणी समजूं नये. जें सरकार संस्था नोंदवितें, तेंच तिचें मंडळ बरखास्त करून प्रशासकही नेमूं शकतें. सन २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनें सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आला. त्याच दुरुस्तींतील संस्थांच्या कारभाराविषयींचा भाग, राज्यांची संमति न घेतल्यामुळें, राज्यांतील संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें रद्द ठरविला. सरकार आणि सभासद यांच्या अधिकारांची सीमा कोठें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

म्हणूनच संशोधकांपुढें एक विनंति ठेवितों. सरकारी अहवाल सुरक्षित आहेत. गांवच्या संस्थांचीं इतिवृत्तें नाहींत. एका पतपेढीचीं जुनीं बाडें मीं स्वतः रद्दीच्या गाडीवर पाहिलीं आहेत. मागेपर्यंत तीं निम्मीं वजनांत गेलीं होतीं. हीं साधनें नष्ट झालीं तर पुढील पिढी असेंच मानील कीं सरकारनें दिलें आणि लोकांनीं घेतलें. तसें घडलें नाहीं. सभेंत उठून शेजाऱ्याच्या कर्जास जामीन राहणारा माणूस त्या बाडांतच आहे. एकेकाळीं कागद जाळावा लागला, आतां तो जपला पाहिजे.