कार्डावर बघणारा एम. डी. डॉक्टर



शेतकी खात्याने उसावर लिहावे, डॉक्टरवर कशाला, असे कोणी म्हणेल. पण वेरूळच्या शिवारात लागण पाहायला गेलो की हल्ली बांधावर विचारणा होते, "साहेब, कार्डावर बघणारा एम. डी. डॉक्टर कुठं मिळंल?" मागील हंगामात एका सभासदाच्या वडिलांना रात्री धाप लागली. घाईत दिसेल त्या दवाखान्यात दाखल केले. कार्ड तिसऱ्या दिवशी दाखवले, तर दवाखाना योजनेत नव्हताच! उसाचे बिल यायच्या आत हातउसने काढावे लागले.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. योजना डॉक्टरला नव्हे, रुग्णालयाला लागू असते, तीही ठराविक उपचारांपुरती. नोंद आडसालीची अन् तोड मागायची खोडव्याची, असे इथेही चालत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

दुसरी गोष्ट. योजना मुख्यत्वे दाखल रुग्णासाठी आहे. खाजगी फिजिशियनची तपासणी फी त्यात बसत नाही. बी. पी., साखर, जुना खोकला यासाठी आधी वेरूळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा खुलताबादचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. पुढे गरज पडली तर संभाजीनगरला घाटीत फिजिशियन आहेतच.

दाखल व्हायचे असेल तर आधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून तीन प्रश्न विचारा:

१) हे रुग्णालय आज योजनेत आहे का?
२) आमचा आजार तिथल्या यादीत बसतो का?
३) तिथे फिजिशियन हजर असतात का?

रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार व असल्यास आयुष्मान कार्ड दाखवा. उपचाराला मंजुरी लागते. ती आली का, हे स्वतः विचारा. मंजूर उपचाराचे पैसे कोणी मागितले तर त्याच नंबरवर तक्रार करा. ७० वर्षांच्या पुढील वडीलधाऱ्यांचे वेगळे आयुष्मान कार्ड निघते, तेही काढून ठेवा.

मात्र छातीत कळ, धाप, बेशुद्धी असेल तर कागद शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा. आधी माणूस, मग कार्ड.

रेशनकार्डावर एक नाव अन् आधारवर दुसरे, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली. तोडणीच्या धांदलीत हे काम होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा याच आठवड्यात दोन्ही कार्डे शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. अडले तर गट कार्यालयात या. फोन आम्ही लावून देऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते