फळ्यापासून बाकापर्यंत

माझ्या पर्समध्ये शिंप्याची टेप असते. पिवळी, दीडशे सेंटिमीटरची, टोकाला पत्र्याची चिमटी असलेली. आईच्या शिलाई मशीनच्या खणातून उचललेली. शिवणकाम मला येत नाही. मी फिरती विशेष शिक्षिका आहे. गोवंडी स्टेशनला उतरायचं, शेअर रिक्षाने शिवाजीनगर, बैंगनवाडी गाठायची आणि कमी ऐकू येणारी, कमी दिसणारी, बोलता किंवा चालता न येणारी जी मुलं साध्या शाळांत शिकतात, त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं, हे माझं काम. नव्या वर्गात गेले की आधी टेप काढते आणि फळ्यापासून त्या मुलाच्या बाकापर्यंतचं अंतर मोजते. ‘बाई, फळ्याला ड्रेस शिवताय का?’ असं एकाने विचारूनही झालंय.

ही सवय मला चौथीतल्या एका मुलीने लावली.

तिच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं होती. घरी, शाळेत सगळे त्याला ‘मशीन’च म्हणतात. वर्गशिक्षिकांची तक्रार अशी, की मशीन लावूनसुद्धा हिचं लक्ष नसतं. मी एक दिवस तिच्या शेजारी बसले. शेवटून दुसरा बाक, बाजूला उघडी खिडकी, खिडकीखाली पाण्याचा टँकर, डोक्यावर खडखडणारा पंखा. बाई ‘नफा-तोटा’ शिकवत होत्या, ते मला धडधाकट कानांनीही अर्धंच कळत होतं. टेप लावून पाहिलं, तर बाई उभ्या असायच्या तिथपासून तिच्या कानापर्यंत सोळा फूट भरले.

चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, अशी आपली समजूत असते. पण श्रवणयंत्रात एक छोटा माईक, आवाज वाढवणारं सर्किट आणि एक छोटा स्पीकर, एवढाच संसार. माईकपर्यंत जे पोहोचतं ते सगळं तो मोठं करतो: बाईंचा नफा-तोटा, टँकरचा पाइप, मागच्या बाकावरची कुजबुज. हल्लीची यंत्रं गोंगाट थोडा दाबतात, पण सोळा फुटांवरून बाईंना उचलून आणत नाहीत. आवाजाचा साधा नियम आहे, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. चार फुटांवर ऐकू येणारा आवाज आठ फुटांवर 6 डेसिबलने कमी, सोळा फुटांवर 12 ने. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा हिशेब थोडा सैल होतो, पण तो परतलेला आवाजही शब्द गढूळच करतो. डोक्यावरचा पंखा मात्र जागचा हलत नाही.

म्हणून तिला हलवलं. दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या समोरच्या भिंतीला. बरा कान बाईंच्या बाजूला, आणि थोडं वळलं की उत्तर देणाऱ्या मुलांचे चेहरेही दिसतील असं. पहिला बाक मुद्दामच टाळला. तिथून फक्त बाई दिसतात, वर्ग पाठीमागे राहतो. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. गोवंडीत भंगाराला काय तोटा! बाक सरकताना होणारा तो कर्कश आवाज गेला. आणि बाईंना एकच विनंती केली: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहून व्हा, वळा, मग बोला. ही मुलं ओठही वाचत असतात.

याहून चांगला उपाय आहे. शिक्षकांच्या गळ्यात किंवा कॉलरला बिनतारी माईक आणि त्याचा आवाज थेट मुलाच्या श्रवणयंत्रात. सोळा फुटांचं अंतर मग वीतभर होतं. आमच्या भागात असा संच अजून दुर्मीळ आहे, म्हणून आमचा सगळा भर बाक सरकवण्यावर.

यंत्र मिळाल्यावरचे हाल तिच्या आईकडून शिकले. ‘मॅडम, सेल लगेच मरतात.’ मी पाकीट पाहिलं. निळ्या स्टिकरचे, 675 नंबरचे सेल, आणि सहाच्या सहांचे स्टिकर काढून ठेवलेले. ‘सकाळी घाई असते ना, म्हणून रात्रीच सोलून ठेवते.’ भेंडी चिरून ठेवावी तशी माऊलीने सोय केली होती. पण हे सेल हवेवर चालतात. स्टिकर निघाला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मग तो मशीनमध्ये असो की पाकिटात, झिजत राहतो. आता त्या एकच स्टिकर काढतात, मिनिटभर थांबतात आणि मग सेल घालतात. पावसाळ्यात रात्री मशीन एका घट्ट झाकणाच्या डबीत जातं. डबीत चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. आमच्याकडची जुलैतली दमट हवा या यंत्रांची वैरीण आहे.

मग एके दिवशी मशीन शिट्टी मारायला लागलं. भर वर्गात, सारखं. मुलं हसली आणि तिने ते बंदच करून टाकलं. दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. बिघाड काहीच नव्हता. मुलगी वाढली होती, कान वाढला होता, कानात बसणारा मोल्ड सैल झाला होता. फटीतून बाहेर आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, त्याची शिट्टी होते. नव्या मोल्डसाठी कानाचं माप द्यायला वांद्र्याला, अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत. 1983 पासूनची ही संस्था याच कामासाठी आहे, पण गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग वांद्रे. आईचा त्या दिवसाचा रोज बुडाला. वाढत्या मुलांची उपकरणं आखूड होतात, हे सरकारला ठाऊक आहे. केंद्राच्या 1981 पासूनच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेत मोठ्यांना तेच उपकरण तीन वर्षांनी पुन्हा मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने. कायदाही भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होती. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य उपकरणं मोफत द्यायची, असं त्यात लिहिलंय. पण सेलचा स्टिकर कधी काढायचा, ते कायद्यात कसं असणार? ते कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं.

टेप लावलेला दुसरा विद्यार्थी सहावीतला. दिसतं, पण अंधुक. चष्म्यानेही पुरेसं सुधारत नाही. तो ‘खंत’ला ‘खत’ वाचायचा, ‘मंद’ला ‘मद’, ‘वंश’ला ‘वश’. शुद्धलेखन कच्चं म्हणून मार्क कापले जात. एके दिवशी मी त्याच्या पुस्तकाच्या पानाला नाक लावून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. त्याला अक्षरं दिसत होती, त्यांच्या डोक्यावरचा तो बारीकसा ठिपका दिसत नव्हता. मराठीत एवढा एक ठिपका सुपीक शेताला दुःखात लोटतो.

इथेही आधी अंतरच कमी केलं. वस्तू निम्म्या अंतरावर आणली की डोळ्यात तिची प्रतिमा दुप्पट होते. भिंगाआधीचा हा फुकटचा उपाय. पण पुस्तक डोळ्याजवळ न्यायला मूल दिवसभर वाकून बसतं आणि मान धरते. त्याचे वडील सुतारकाम करतात. मुनीमजींपुढे असायचं तसं उतरतं डेस्क त्यांनी उरलेल्या प्लायचं करून दिलं. खाली पट्टी ठोकली, म्हणजे पुस्तक घसरत नाही. झेरॉक्सवाल्याकडे ए-4 चं पान ए-3 वर काढलं की अक्षर 141 टक्के होतं. चौदा पॉइंटचं जवळजवळ वीस. परीक्षेचे पेपर आता तसेच काढतो. अनुस्वार दिसायला लागले, मार्क वाढले.

फळा मात्र पुस्तकासारखा डोळ्याजवळ आणता येईना. त्यावर त्यानेच तोड काढली. आईच्या मोबाइलने फळ्याचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी ताणून मोठा करायचा. शाळेत मोबाइलला बंदी. मुख्याध्यापकांना मी एवढंच म्हटलं, ‘सर, वर्गात चष्म्याला बंदी आहे का?’ त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि परवानगी लिहून दिली. फोनमध्ये सिमकार्ड नाही, शाळा सुटली की फोन आईकडे.

अजिबात न दिसणाऱ्या मुलांना हा अनुस्वाराचा त्रास नाही. लुई ब्रेलने 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. तिच्यात अनुस्वाराला अक्षराएवढंच स्वतंत्र घर आहे. बोट त्याला ओलांडून जाऊच शकत नाही. वेलांटीही उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. आपल्यासारखी आधी काढून ठेवत नाहीत. ‘आई’ तर दोनच घरांत मावते: आधी तीन-चार-पाच, मग तीन-पाच. ब्रेल मी प्रशिक्षणात शिकले, पण मराठी किती सरळ लिहिता येते हे मला नववीतल्या एका मुलीच्या बोटांनी शिकवलं.

मुंबईत अंध मुलांचं शिक्षण सव्वाशे वर्षांचं. 1900 साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्डबाईंनी सुरू केलेली शाळा आज दादरला कमला मेहता अंध शाळा म्हणून उभी आहे. त्या काळी शिकायचं तर अशा वेगळ्या शाळेत. आमची नववीतली मुलगी घराजवळच्या साध्या शाळेत आहे, आणि तिच्या दप्तरात ब्रेलच्या पाटीबरोबर एक स्वस्तातला फोन आहे. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की त्यातला टॉकबॅक जागा होतो. बोट फिरवावं तिथलं तो वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. ती तो इतक्या वेगाने ऐकते की मला नुसती गुणगुण वाटते. तिला त्यात ‘बाई आल्या’ ते ‘बाई गेल्या’ सगळं कळतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने त्याची सुरुवात केली, लगेच जेम्स टे हा अंध मित्र जोडीला आला. विकतची वाचक सॉफ्टवेअर परवडत नाहीत, म्हणून हे फुकट.

मग एकदा तिने मला फोन ऐकवला. कुणीतरी पाठवलेल्या मराठी नोट्सची पीडीएफ. त्यातून मराठी शब्दच येईना; इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता चिवडा. मी पान पाहिलं तर स्वच्छ मराठी. कारण नोट्स जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. त्या फाँटमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. आपण कपडे पाहतो. यंत्र आतला माणूस वाचतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तिथे हा घोळ होत नाही. तेव्हा मराठीत नोट्स, परिपत्रकं, प्रश्नसंच करणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: युनिकोडमध्ये टाइप करा. त्यापोटी एक पैसाही जास्त लागत नाही. त्या मुलीने नोट्स मैत्रिणीकडून वाचून घेतल्या, रेकॉर्ड केल्या. मैत्रिणीचाही अभ्यास झाला, हे खरं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रीण झोपलेली असते.

शेवटचा दुसरीतला. सेरेब्रल पाल्सी. समजतं सगळं, पण जिभेवर, हातांवर ताबा कमी, त्यामुळे शब्द फुटत नाहीत. त्याच्यासाठी एका दात्याने टॅब दिला. त्यात जेलो हे मोफत अ‍ॅप घातलं. ते आमच्या पवईच्याच आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात तयार झालंय आणि मराठी बोलतं. मधे चित्रांची नऊ घरं: खाणं, शिकणं, माणसं, जागा, मदत वगैरे. दोन्ही कडांना सहा बटणं: आवडतं, हो, आणखी आणि त्यांच्या उलट आवडत नाही, नाही, कमी. चित्र निवडून कडेचं बटण दाबलं की पूर्ण वाक्य ऐकू येतं.

पंधरा दिवसांनी गेले तर टॅब कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. टॅबची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला झाली होती, आणि फुटला तर भरून कोण देणार, ही बाईंची भीती खोटी नव्हती. ‘भाषेच्या तासाला काढते ना मी,’ त्या म्हणाल्या. पण मुलाला बोलायचं असतं ते भाषेच्या तासालाच असं नाही. मधल्या सुट्टीत खिचडी वाढतात. इतर मुलं ‘मावशी, अजून!’ म्हणून ओरडतात. याची थाळी एकदा वाढून झाली की मावशी उचलून नेत. पोट भरलं की नाही, हे त्यांना कळणार कसं?

मी टेप काढली. कपाटापासून त्याच्या बाकापर्यंत अकरा फूट.

त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात बसून एक कार्ड केलं. नऊ चित्रं, कडेला सहा चौकोन, वर लॅमिनेशन, भोक पाडून नाडी. तीस रुपये झाले. आवाज नाही, बॅटरी नाही, रजिस्टरला नोंद नाही. नाडीने ते त्याच्या बाकालाच बांधून टाकलं आणि खिचडीच्या मावशींना दाखवलं: त्याचं बोट इथे टेकलं, की वाढायचं.

टॅब अजून भाषेच्या तासालाच निघतो. मी मागे लागलेली आहे. परवा गेले तेव्हा बाकाशी वाकून कार्ड पाहिलं. बाकीचे चौकोन जसेच्या तसे होते. लॅमिनेशनची एक कड उचलली गेली होती, आत हळद शिरली होती, आणि ‘आणखी’चा चौकोन पिवळाधमक झाला होता.