परांचीवरच्या माणसाची पाठ



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या इमारतीला बाहेरून प्लास्टर आणि रंग झाला. शाळा पुन्हा भरली तेव्हा परांची उतरवण्याचे काम अजून चालू होते आणि आठवी-नववीची मुले मधल्या सुट्टीत दोरीपलीकडे उभी राहून ते बघत होती. (पुस्तकातला शब्द परांची, कामगार तिला गुजरातीत ‘पालख’ म्हणत होते.) एकाने विचारले, “सर, ही माणसे पडत कशी नाहीत?” प्रश्न योग्यच होता. माझे लक्ष मात्र दुसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या एका तरुणाकडे होते. दर थोड्या वेळाने तो हातातले काम थांबवून कमरेवर तळवे टेकवी आणि पाठ मागे ताणी. वय फार तर पंचवीस.

पडण्याची भीती सर्वांना कळते, म्हणून पट्टा आणि हेल्मेट यांच्याबद्दल निदान बोलले तरी जाते. पाठ, खांदे आणि मनगटे रोज थोडी थोडी झिजतात, त्याची नोंद कोठेच होत नाही. माणसाचे शरीर आणि त्याचे काम यांचा मेळ कसा घालावा, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम, या दोन ग्रीक शब्दांपासून ते नाव झाले. आपण येथे त्यातले एकच उदाहरण पाहू.

परांचीचा लोखंडी पाइप साधारण ४८ मि.मी. जाडीचा असतो. सहा मीटरचा एक पाइप, पत्र्याच्या जाडीप्रमाणे, २० ते २६ किलो भरतो. समजा, एका इमारतीला असे २०० पाइप लागले आणि प्रत्येक २१ किलोचा धरला, तर ४२०० किलो लोखंड हातांनी वर जाते आणि तेवढेच पुन्हा खाली येते. क्लॅम्प आणि फळ्या यात धरलेल्याच नाहीत.

“वीस किलो म्हणजे काय फार? गव्हाचे पोते त्याहून जड असते,” असे एक पालक मला म्हणाले. येथे विज्ञानाच्या तासाला शिकलेली तरफ आठवावी. वाकून वजन उचलताना कण्याचा खालचा मणका हा टेकू होतो. पाठीचे स्नायू टेकूच्या मागे जेमतेम ५ सें.मी.वर असतात आणि वजन पुढे, हाताच्या अंतरावर. २० किलोचे वजन टेकूपासून ५० सें.मी. पुढे असेल, तर ते तोलण्यासाठी स्नायूंना २० × ५० ÷ ५, म्हणजे २०० किलो वजनाइतके बल लावावे लागते. वरच्या धडाचा भार वेगळाच. हे सारे दोन मणक्यांमधल्या मऊ चकतीवर येते. तेच वजन पोटाशी २५ सें.मी.वर घेतले की हिशेब निम्म्यावर, १०० वर येतो. गव्हाचे पोते खांद्यावर किंवा पाठीवर, अंगाला चिकटून राहते. सहा मीटरचा पाइप तसा चिकटत नाही, तो हेलकावतो.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेले एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यानुसार वजन अंगाशी, कमरेच्या आसपासच्या उंचीवर आणि अंग न पिळता उचलायचे असेल, तरी २३ किलो ही शिफारस केलेली कमाल मर्यादा आहे. अंतर ५० सें.मी. झाले की मर्यादा साडेअकरा किलोंवर येते. आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी १९९८ मध्ये जे केंद्रीय नियम झाले, त्यांत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलण्याची मर्यादा ५५ किलो आणि स्त्रीची ३० किलो ठेवली होती. म्हणजे वीस किलोंचा पाइप त्या नियमात सहज बसे, मग तो डोक्यावर हात ताणून द्यायचा असो की पायाशी वाकून घ्यायचा!

आणि नेमके तसेच होते. खालचा माणूस पाइप उभा करून डोक्यावर ढकलतो, वरचा वाकून, जवळजवळ पायाच्या पातळीवरून तो ओढून घेतो. पाठीला आणि खांद्याला सर्वांत वाईट अशा दोन्ही स्थिती एकाच देवाणघेवाणीत येतात. हात खांद्याच्या वर गेला की तेथील एक कंडरा हाडाच्या कमानीखाली दाबली जाते. शिवाय हात नुसता वर धरून ठेवणे हेही श्रमाचेच असते. घरी करून पाहा: एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात समोर ताठ धरून उचला आणि हात किती वेळात थरथरतो ते घड्याळ लावून पाहा. आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. हात वरखाली हलत असता तर त्याला मधून मधून विश्रांती मिळाली असती.

मनगटाचेही असेच. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळा. ती घट्ट बसत नाही. पाइपच्या मागच्या बाजूचा क्लॅम्प पान्याने आवळताना कामगाराला त्याच स्थितीत जोर लावावा लागतो. पायाखाली एकच अरुंद फळी असेल, तर दुसरा हात आधाराला अडकलेला असतो. तीन फळ्या शेजारी शेजारी बांधल्या की दोन्ही हात कामाला मोकळे होतात. पडण्याचा धोका आणि अंगाचा ताण येथे एकमेकांना भेटतात, कारण दुपारनंतर थकलेली पकडच आधी सुटते.

यावर उपाय महाग नाहीत. भक्कम जागी बांधलेली एक स्थिर कप्पी बलाची बचत करत नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहिता. पण ती बलाची दिशा बदलते: वर ढकलण्याऐवजी माणूस जमिनीवर उभा राहून, स्वतःचे वजन वापरून दोर खाली ओढतो. जेथे चालेल तेथे तीन मीटरचे पाइप घेतले की वजन निम्मे होते. पाइप जमिनीवर न टाकता कमरेइतक्या घोडीवर ठेवले की दर वेळचे वाकणे वाचते. फळ्यांच्या दोन थरांत दोन मीटर अंतर असेल तर ताठ उभे राहता येते.

मग हे होत का नाही? काम चौरस फुटावर ठरलेले असते आणि कप्पी बांधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. मुदतही आपणच घातलेली होती. सुट्टी संपण्याआधी सर्व आटपा, असा आग्रह शिक्षकांच्या सभेत धरणाऱ्यांत मीही होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या इमारतीचे काम निघणार आहे. बडोद्याच्या मे महिन्यात उन्हात तापलेला पाइप उघड्या हाताने धरवत नाही. निविदेचा मसुदा विश्वस्त मंडळासमोर येईल तेव्हा कप्पी, घोडी, तीन फळ्यांची रुंदी, हातमोजे आणि दुपारची सुट्टी या बाबी त्यात दरासह वेगळ्या लिहाव्यात, अशी विनंती मी केली आहे. नववीच्या मुलांनी कंत्राटदाराच्या परवानगीने एक पाइप वजनकाट्यावर ठेवून पाहिला. तो २२ किलो भरला. तो आकडा विनंतीपत्रात आहे.